उज्जयिनीचा गंध आणि घ्राणाची साक्ष

उज्जैनला जाणारा यात्रेकरू महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेवर स्नान करतो, भर्तृहरीची गुंफा पाहतो आणि परत फिरतो. मराठी-कोकणी बोलणाऱ्या आपल्या देवस्थान-समाजाला त्या नगरीविषयी जवळीक वाटण्याचे आणखीही एक कारण आहे. १२३४-३५ च्या सुमारास अल्तमशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेले महाकालाचे देवालय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या पुढाकाराने. कोकणातल्या एका कर्त्या पुरुषाने माळव्यात जाऊन ज्योतिर्लिंगाला छप्पर द्यावे, हा योग लहान नव्हे. याच देवालयालगतच्या एका प्रवाहाचे नाव कालिदासाने ‘मेघदूता’त नोंदवून ठेवले आहे. ते नाव गंधवती.

ज्या नगरीतील प्रवाहाचे नावच गंधवती, ती नगरी गंधाविषयी काय मानीत होती? मनुष्याच्या देहाला त्याचा स्वतःचा असा गंध असतो काय, त्या गंधाने एक जीव दुसऱ्याकडे ओढला जातो काय, आणि ओढला जात असेल तर त्या ओढीवर कितपत विसंबावे? विषय काही वाचकांस हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु एकीकडे ‘हे अंगाला लावा, म्हणजे माणसे आपोआप वश होतील’ असे सांगून अत्तरे विकणारा बाजार भरास आला आहे, आणि दुसरीकडे अंगाच्या वासावरून माणसाची पायरी ठरविण्याची आपली जुनी खोड अद्याप गेलेली नाही. तेव्हा या साक्षीदाराची एकदा नीट उलटतपासणी व्हावी, हे इष्ट होय.

साक्षीपुराव्याच्या कायद्याने इंद्रियांमध्ये उच्चनीच भाव मानलेला नाही. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याने, ऐकलेली ऐकणाऱ्याने आणि अन्य इंद्रियाने जाणलेली त्या इंद्रियाने जाणणाऱ्यानेच सांगितली पाहिजे, असा दंडक १८७२ च्या कायद्याच्या साठाव्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो कायम ठेवला आहे. म्हणजे नाक हा पात्र साक्षीदार ठरतो. परंतु साक्षीदार पात्र असणे आणि त्याच्या साक्षीला वजन असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातून गेलेल्या एका फौजदारी अपिलात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पोलिसी कुत्र्याने वासावरून काढलेल्या मागाचा प्रश्न आला. असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असा अभिप्राय न्यायालयाने दिला. कुत्र्याच्या नाकाची ही गत, तर माणसाच्या नाकाची कथा काय!

आपल्या भाषांनीही या इंद्रियाविषयी थोडा संशय बाळगलेला दिसतो. संस्कृतात ‘घ्राण’ म्हणजे नाक, किंवा हुंगण्याची क्रिया. तोच शब्द प्राकृतातून मराठीत नि कोकणीत आला तो ‘घाण’ होऊन. बिचाऱ्या इंद्रियाला त्याच्या सर्वांत वाईट अनुभवाचे नाव मिळाले. उलट ‘परिमल’ हा शब्द पाहावा. घर्षणातून उठणारा आणि लोकांचे मन हरण करणारा गंध, असा त्याचा अर्थ अमरकोशात दिला आहे. कोकणीत आजही फुलाला ‘परमळ’ असतो. ‘वास’ आणि ‘वासना’ हे शब्द तर एकाच घरचे. फुलांच्या सहवासाने वस्त्र वासित होते, तसे चित्त अनुभवांनी वासित होते, असे आपले तत्त्वज्ञ सांगत. आकर्षण आणि गंध यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी शब्दांतच बांधून ठेवला होता, हे यावरून दिसून येईल.

वैशेषिकांनी यात आणखी एक बारकावा आणला. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. जलाला किंवा वायूला स्वतःचा गंध नाही. त्यांत जो येतो तो पार्थिव कणांबरोबर येतो. या सिद्धांताने पृथ्वीही गंधवतीच ठरते. वाऱ्याबरोबर येणारा गंध मुळात कुणाचा, हे आधी शोधले पाहिजे, ही दृष्टी मनात ठेवून ‘मेघदूता’तील उज्जयिनीकडे पाहावे.

कालिदासाचा मेघ त्या नगरीवर येतो तेव्हा तिचे स्वागत बव्हंशी गंधाचेच आहे. पहाटेच्या क्षिप्रावाऱ्याने उमललेल्या कमळांच्या गंधाशी मैत्री केलेली आहे. गवाक्षांच्या जाळ्यांतून स्त्रियांच्या केशांना दिलेल्या धुपाचा धूर बाहेर पडून मेघाचा देह पुष्ट करीत आहे. आणि महाकालाच्या उपवनात गंधवतीवरून येणारा वारा नीलकमळांच्या परागांनी व जलक्रीडा करणाऱ्या युवतींच्या स्नानद्रव्यांनी दरवळत आहे. टीकाकार मल्लिनाथाने येथे चंदनादी स्नानीय द्रव्ये असा अर्थ घेतला आहे. कमळ, धूप, चंदन! एवढ्या गंधांच्या गर्दीत युवतींच्या देहाचा सहज गंध वेगळा काढून दाखविता येणार नाही. कवीने तो नाकारलेला नाही. पण तो एकटा कधी येतच नाही, हे त्याने जाणले होते.

जे कवीने वर्णिले, ते याच भूमीतील एका गणितज्ञाने मोजले. अवंतीचा वराहमिहिर हा सहाव्या शतकातला. त्याच्या ‘पंचसिद्धांतिके’तील गणनेचा आरंभ शके ४२७ म्हणजे इ. स. ५०५ चा आहे. त्याच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्ती, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची कला, या विषयाला एक स्वतंत्र अध्याय आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीतही ही गंधयुक्ती येते. वराहमिहिर सोळा द्रव्ये घेतो आणि त्यांतून चार-चार निवडण्याचे मार्ग १,८२० होतात असे सांगतो. निवडलेल्या चारांची प्रमाणे एकमेकांत बदलली, म्हणजे दर चौकडीचे ९६ प्रकार होतात. आणि एकूण गंधांची संख्या १,७४,७२० वर जाते. आजच्या विद्यार्थ्याने गुणाकार करून पाहावा, एकाचाही फरक पडणार नाही. या गंधसागरात नाही तो एकच गंध, अन् तो म्हणजे ज्याच्या अंगाला हे सर्व लावायचे त्या माणसाचा.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ उज्जयिनीत घडते. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरच्यांसारखी झाली आहेत. नाटकाच्या नवव्या अंकात न्यायसभा भरते, म्हणून कायद्याच्या अभ्यासकाला ते विशेष प्रिय. परंतु पुराव्याचा पहिला प्रश्न तेथे पहिल्या अंकातच उभा राहतो, आणि तो गंधाचा आहे.

शकार पाठलाग करीत असता वसंतसेना अंधारात पळते आहे. शकाराबरोबरचा विट तिला आडून सुचवितो, की अंधारात तू दिसली नाहीस तरी माळांचा सुगंध आणि नूपुरांचा नाद तुझा पत्ता सांगतील. ती इशारा ओळखते, माळा उतरविते, नूपुर काढते आणि चारुदत्ताच्या घरात शिरते. गंध हा चाहत्याला जसा वाट दाखवितो तसा दुष्टालाही दाखवितो, याची तिला जाणीव आहे. आत दिवा मालवलेला. चारुदत्त तिला रदनिका दासी समजतो आणि लहानग्या रोहसेनाला थंडी वाजेल म्हणून आपली शाल तिच्या हाती देतो. ती शाल जाईच्या फुलांनी वासित आहे. वसंतसेना तिचा वास घेते आणि मनाशी अनुमान बांधते, की या पुरुषाचे तारुण्य अजून उदासीन झालेले नाही.

अनुमान गोड आहे. पण पुराव्याचा उगम कोणता? प्रेक्षकांना तो ठाऊक असतो. ती शाल चारुदत्ताची वापरातली नव्हेच. त्याचा स्नेही जूर्णवृद्ध याने ती जाईच्या गंधाने भारून मैत्रेयाच्या हाती पाठविली होती, आणि चारुदत्ताचे देवकार्य आटोपल्यावर त्याला द्यावी असा निरोप दिला होता. जो गंध वसंतसेनेने चारुदत्ताच्या तारुण्याचा म्हणून मानला, तो एका मित्राच्या स्नेहाचा होता. तरीही तिचे प्रेम खोटे ठरत नाही. कारण ते शालीपासून सुरूच झालेले नाही. कामदेवाच्या देवळाच्या उपवनात तिने चारुदत्ताला पाहिले, त्याच्या गुणांची कीर्ती ऐकली, तेव्हापासून ते आहे. गंधाने फक्त आधीच्या ओढीला दुजोरा दिला.

दुसऱ्या अंकात शूद्रक या साक्षीदाराला पुन्हा उभे करतो. वसंतसेनेचा पिसाळलेला हत्ती एका परिव्राजकावर धावून जातो. तिचा सेवक कर्णपूरक त्याला वाचवितो. ते पाहून चारुदत्त जवळ द्यायला दुसरे काही नाही म्हणून अंगावरची शाल त्याच्याकडे फेकतो. ती घेऊन कर्णपूरक मालकिणीकडे येतो. ती लगेच विचारते, हिला जाईचा वास येतो का पाहा. तो सांगतो, हत्तीच्या मदाचा वास नाकात बसला आहे, मला नीट कळत नाही. मग नाव बघ, असे ती म्हणते. शालीवर चारुदत्ताचे नाव असते. ती ते वाचते आणि शाल पांघरते. तोंडी साक्ष डळमळली तेव्हा लेखी पुराव्याने काम भागविले, असेच वकील म्हणेल.

नवव्या अंकाशी याची तुलना करावी. तेथे मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार गळून पडतात. अलंकार खरोखर तिचे असतात. तरी चारुदत्ताने तिला मारले हे अनुमान सर्वस्वी खोटे असते, आणि त्यावर तो वधस्तंभापर्यंत जातो. पहिल्या अंकात पुरावा भलत्याचा आणि निष्कर्ष बरोबर. नवव्यात पुरावा खरा आणि निष्कर्ष प्राणघातक. परिस्थितिजन्य पुरावा किती जपून वापरावा, याचा धडा शूद्रकाने एका शालीने आणि एका गाठोड्याने दिला आहे.

गंधाने ओढले जाण्याची किंमत काय पडते, हे महाभारताने अधिक कठोरपणे सांगितले. सत्यवतीचे आरंभीचे नाव मत्स्यगंधा. ती दाशराजाच्या घरी वाढली, यमुनेवर होडी चालवीत असे, आणि तिच्या अंगाला माशाचा वास येई. पराशराच्या वराने तिला सुगंध लाभला आणि तिची दोन नावे झाली: योजनगंधा, आणि आपल्या उज्जयिनीच्या प्रवाहाचेच नाव, गंधवती. शंतनू यमुनातीरी फिरत असता त्या सुगंधाचा माग काढीत तिच्यापर्यंत आला. गंधाने राजाला होडीपर्यंत आणले; तेथून पुढचा सारा व्यवहार अटींचा झाला. मुलीच्या बापाने अट घातली, आणि तिचे मोल देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्याने चुकते केले.

या कथेत आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. मत्स्यगंधेच्या वासाचे कारण कथा तिच्या जन्मात सांगते. पण कोळ्याच्या घरी वाढलेल्या, होडी वल्हविणाऱ्या मुलीच्या अंगाला मासळीचा वास येण्यास जन्माची काय गरज? तो घरच्या धंद्याचा वास होय. धंद्याचा वास जन्माला चिकटविण्याची ही गल्लत आपण आजही करतो. देवळाच्या रांगेत घामाघूम झालेल्या हमालापासून अंग चोरणारा भाविक त्या क्षणी एक निवाडाच देत असतो, आणि तो चुकीच्या पुराव्यावर.

चुकीच्या, हे आता शास्त्राधारे म्हणता येते. माणसाच्या त्वचेत घामाच्या दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. पहिल्या सर्वांगभर, अंग थंड राखण्यासाठी पाणी सोडणाऱ्या; दुसऱ्या काखा इत्यादी ठिकाणी, वयात आल्यावर कार्य सुरू करणाऱ्या. त्यांच्यातील भेद १९२२ साली पॉल शीफरडेकर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने स्पष्ट केला. दोन्ही प्रकारचा ताजा घाम जवळजवळ निर्गंध असतो. त्वचेवर सर्वांच्याच वस्तीला असणारे सूक्ष्म जंतू त्यातील द्रव्ये फोडतात तेव्हा वास उत्पन्न होतो. २००६ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. कानातला मळ ओला की कोरडा हे ज्या एका जनुकावर ठरते, त्याचाच काखेच्या वासाशीही संबंध असल्याचे पुढे दिसून आले. आणि चीन, कोरिया, जपान या देशांतील बहुसंख्य लोकांत या जनुकाचे असे रूप आढळते की त्यांच्या अंगाला तो वास अत्यल्प असतो. त्यांचे संसार त्यावाचून अडलेले नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग आकर्षणाचे काय? एका प्राण्याने सोडलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्याच्या वर्तनावर परिणाम करणाऱ्या द्रव्याला ‘फेरोमोन’ हे नाव १९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर यांनी दिले. त्याच वर्षी रेशमाच्या पतंगातील मादी नराला बोलाविण्यास जे द्रव्य सोडते, ते बुटेनांट यांनी प्रसिद्ध केले. १९९६ साली आशियाई हत्तिणीच्या मूत्रातही असे एक द्रव्य सापडले. आणि नवल असे की अनेक पतंगांच्या माद्या तेच वापरतात. माणसात मात्र असे एकही द्रव्य आजवर निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तेव्हा बाटलीत भरून विकले जाणारे ‘वशीकरण’ हे जाईचेच काही तरी, आणि तेही दुसऱ्याने लावून दिलेले!

माणसाच्या बाजूने सर्वांत गाजलेला प्रयोग स्वित्झर्लंडमधील बर्न येथे क्लाउस वेडेकिंड यांनी केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. ४४ पुरुषांनी एकेक सुती सदरा दोन रात्री वापरला, आणि ४९ स्त्रियांनी ते सदरे हुंगून त्यांची आवड-नावड सांगितली. पुरुषांना सुगंधी साबण, अत्तर, मसालेदार अन्न वर्ज्य होते. अर्थात शालीवरची जाई आधी काढून टाकली होती. ज्यांचे रोगप्रतिकारक्षमतेचे जनुक आपल्याहून वेगळे, त्या पुरुषांचा वास स्त्रियांना अधिक बरा वाटला; संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मात्र कल उलटा दिसला. पुढे निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या प्रयोगांनी या निष्कर्षाला कधी पाठिंबा दिला, कधी दिला नाही. सहज गंधाला काही अर्थ असू शकतो, एवढेच त्यावरून म्हणता येईल. तो जोडीदार निवडून देतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

निःसंदिग्ध पुरावा आहे तो दुसऱ्याच नात्याविषयी. जन्मून काही दिवस झालेले मूल आपल्या आईच्या दुधाचा वास लागलेल्या कापडाकडे तोंड वळविते, हे १९७५ साली इंग्लंडमध्ये प्रयोगाने दाखविले गेले. आणि माताही आपल्या तान्ह्याचे कपडे वासावरून ओळखतात. आपल्या गृह्यसूत्रांत, प्रवासाहून परतलेल्या पित्याने पुत्राचे मस्तक हुंगावे, असे विधान आहे. पुराणेतिहासांतील वडील मंडळी तर मुलांना जवळ घेऊन पदोपदी तेच करतात. नातवाच्या टाळूचा वास घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकविले नव्हते.

पतिपत्नींच्या बाबतीतही कालिदासाने याच जातीचा प्रसंग निवडला आहे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गाच्या आरंभी सुदक्षिणेला डोहाळे लागले आहेत, ती माती खाते, आणि दिलीप राजा एकांतात तिच्या मुखाचा मातीचा वास घेता तृप्त होत नाही. येथे चंदन नाही, धूप नाही, जाई नाही. वैशेषिकांनी जो पृथ्वीचा गुण सांगितला तोच नेमका राजाला राणीच्या मुखी सापडला. पण या गंधाने त्यांचा विवाह जुळविलेला नाही. गुरूच्या गाईची दोघांनी मिळून केलेली सेवा, अपत्यासाठी काढलेले दिवस, हे सारे आधी होऊन गेले आहे. त्या सहवासामुळे मातीचा वासही गोड झाला. जवळीक आधी, परिमळ नंतर, हा कालिदासाचा क्रम आहे.

आपल्या पूजाविधीतही असाच एक शहाणपणा आहे. पंचोपचारांत पहिला उपचार गंधाचा. आणि देवाला वाहायचे फूल आधी हुंगू नये, हा घरोघरचा नियम. फूल सुगंधी आहे हे पुजाऱ्याला ठाऊक असते, तरी त्यावर नाकाचा हक्क तो आधी बजावीत नाही. माणसांच्या बाबतीतही हा नियम पाळण्यासारखा आहे. कोणी जवळ आले तर त्याच्या गंधावरून त्याच्या कुळाचा, धंद्याचा किंवा योग्यतेचा निकाल देऊ नये. आणि कोणाचा गंध मोहक वाटला म्हणून तेवढ्यावर आयुष्याचा करार करू नये. वसंतसेनेनेही प्रथम गंधच विचारला होता, परंतु त्याची खात्री पटेना तेव्हा तिने नाव वाचले, आणि मगच ती शाल अंगावर घेतली.